सरासरी आयुष्य 70, मग साठीनंतर दहाच वर्षं का?

भारताचं सरासरी आयुर्मान 70 वर्षं, हे 2016-20 च्या सरकारी एसआरएस (जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणीच्या) सर्व्हेतलं. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रिटायर मंडळी यावरून सरळ हिशोब मांडतात, आता 62 चालू म्हणजे राहिली आठ वर्षं, तेवढ्याला एफडी पुरेल. हा हिशोब साफ चुकतो आणि त्याचा फटका पंच्याहत्तरीनंतर बसतो, जेव्हा नव्याने कमवायची ताकद नसते, म्हणून हे लिहायलाच हवं.

70 हे जन्माच्या वेळचं आयुर्मान. आज जन्मलेल्या बाळाला आत्ताचेच मृत्यूदर आयुष्यभर लागू राहिले तर ते सरासरी किती जगेल, एवढंच तो आकडा सांगतो, त्यामुळे त्यात पहिल्याच आठवड्यात दगावलेलं बाळ येतं, मुंबई-आग्रा हायवेवर बाईकच्या अपघातात गेलेला पंचविशीतला पोरगा येतो, चाळिशीत टीबीने गेलेला माणूसही येतो. साठीचं आयुर्मान वेगळं, ते फक्त साठी गाठलेल्यांचं, तिथून पुढे सरासरी किती वर्षं जगतील ते सांगणारं. भारतात ते 2015-19 मध्ये 18.3 वर्षं होतं. म्हणजे सरासरी 78, सत्तर नाही.

दहा माणसं धरा. दोघं एक वर्षाची होऊन गेली, बाकी आठ जण बरोबर सत्तरीला गेले. सरासरी काढली तर 56 येते, पण छप्पन्नाव्या वर्षी त्यातलं कोणीच गेलेलं नाही!

आता ‘पूर्वी माणसं पन्नाशीतच जायची, मग आमची आजी नव्वदीपर्यंत कशी जगली’ हा प्रश्न पण इथेच सुटतो. 1970-75 ला जन्माचं आयुर्मान 49.7 होतं, कारण 1971 ला हजारातली 129 बाळं वर्षाच्या आत जायची, 2020 ला तो आकडा 28 वर आला. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, ओआरएस (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) यांनी मोठा फरक पडला. जन्माचं आयुर्मान वीस वर्षांनी वाढलं, साठीचं मात्र त्याच काळात चार-साडेचार वर्षांनीच, कारण साठीनंतर माणूस जातो तो हार्ट अटॅक, पक्षाघात, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार), डायबेटिस, कॅन्सरने, आणि हे लसीच्या एका डोसने थांबत नाही, वर्षानुवर्षं बीपी-शुगर ताब्यात ठेवावी लागते, तंबाखू सोडावी लागते, चुलीचा धूर कमी करावा लागतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण जन्माचा आकडा चढताना बघून आपण खूश होतो आणि साठीच्या पुढच्यांची तब्येत सुधारतेय की नाही हे बघायचं राहून जातं.

दोन्ही आकडे सरासरीच, एकट्या माणसाचं भविष्य नाही, साठीतला कोणी पासष्टीला जाईल, कोणी पंचाण्णव गाठेल.

पैशाचं प्लॅनिंग करताना साठीचाच आकडा घ्या आणि त्याच्याही पुढचं धरा, निदान नव्वदपर्यंत. बायकांचा साठीचा आकडा 19, पुरुषांचा 17.5, आणि आपल्याकडे बायको बहुतेक वेळा नवऱ्यापेक्षा लहान असते, म्हणजे नवऱ्यामागे तिची बरीच वर्षं एकटीची असू शकतात. पेन्शन प्लॅन घेताना फक्त स्वतःच्या हयातीपुरता पर्याय घेतला तर महिन्याला थोडे जास्त मिळतात खरे, पण नवरा गेला की पेन्शन बंद, म्हणून फॉर्मवर सही करायच्या आधी जोडीदारालाही हयातभर मिळणाऱ्या पर्यायावर टिक आहे का ते बघा.