मल्टिपल स्क्लेरोसिस : पर्यावरणीय जोखीम घटक

मल्टिपल स्क्लेरोसिस ही मेंदू, मेरुरज्जू व दृष्टितंत्रिका यांची दीर्घकालीन व्याधी असून तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण एकरूप जुळ्यांपैकी एकाला ती झाली तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण साधारण चारांत एक इतकेच भरते. उरलेला फरक ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते पर्यावरणीय घटक होत; त्यांत हवा-पाण्यापेक्षा संसर्ग, सूर्यप्रकाश, धूम्रपान आणि वजन यांचाच विचार अधिक होतो.

विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे या आजाराचे प्रमाण वाढते, हे निरीक्षण जुने आहे. ऑस्ट्रेलियात विषुववृत्ताजवळच्या क्वीन्सलंडपेक्षा दूर दक्षिणेकडील टास्मानियात रुग्णांचे प्रमाण कितीतरी अधिक आढळते. अपवादही बोलके आहेत : युरोपच्या अतिउत्तरेकडील सामी लोकांत आजार कमी, तर भूमध्य समुद्रातल्या सार्डिनियात बराच जास्त. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांच्या 1990 च्या अभ्यासात पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा अधिक दिसला. म्हणजे अक्षांशाला वंशाची जोड असतेच. तरीही ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत, स्थलांतरित पिढीत आजार कमी आणि तेथे जन्मलेल्या मुलांत मात्र स्थानिकांच्या जवळपास, असे आढळल्याने बालपणीच्या परिसराचे महत्त्व ठसठशीत झाले.

अक्षांशाच्या प्रभावामागे ऊन व ड जीवनसत्त्व असावे, असा तर्क आहे. अमेरिकी सैनिकांवरील 2006 च्या अभ्यासात रक्तात हे जीवनसत्त्व भरपूर असलेल्या श्वेतवर्णीयांना धोका कमी आढळला, कृष्णवर्णीयांत मात्र तसा संबंध दिसला नाही. रुग्णांना ते उपचार म्हणून देऊन पाहिलेल्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत.

सर्वांत भक्कम पुरावा लाळेतून पसरणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूचा आहे. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने तपासून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, या विषाणूच्या संसर्गानंतर आजाराचा धोका सुमारे 32 पटींनी वाढलेला दिसला. तशाच मार्गाने पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसमुळे तो वाढला नाही. मज्जातंतूंच्या हानीची रक्तातील खूणही संसर्गानंतरच वर चढू लागली, त्यामुळे आजारच आधी सुरू झाला असेल ही शंका बरीच मागे पडते. अर्थात जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो आणि आजार होतो तो फार थोड्यांना. तेव्हा संसर्ग आवश्यक असला तरी पुरेसा नव्हे. संसर्गाचे वयही पाहावे लागते : लहानपणी तो बहुधा लक्षातही येत नाही, किशोरवयात मात्र अनेकदा ग्रंथिज्वराच्या (ताप, घसादुखी व मानेतील गाठींची सूज) रूपाने प्रकटतो, आणि असा ज्वर येऊन गेलेल्यांत पुढे धोका सुमारे दुप्पट असतो.

धूम्रपानाने धोका साधारण दीडपट होतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूने मात्र तो वाढलेला दिसत नाही. म्हणून संशय निकोटीनपेक्षा धुरामुळे फुफ्फुसांत होणाऱ्या दाहावर आहे. किशोरवयातील लठ्ठपणाही, विशेषतः मुलींमध्ये, जोखीम वाढवतो.