गाठोडं घेतलेल्या माणसाचं चित्र नेमकं कुणाचं?

अमेरिकेतली गुलामगिरी, उत्तरेकडे पळून जाणारी माणसं, १८६१ ते १८६५चं यादवी युद्ध हे तुम्हाला ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हेही. म्हणूनच त्या अर्पणपत्रिकेशेजारी काठीला गाठोडं अडकवून निघालेला कृष्णवर्णीय माणूस ‘स्वातंत्र्याचं चित्र’ म्हणून दिसला की राहवत नाही. ते चित्र गुलामांच्या मालकांच्या उपयोगाचं होतं.

पळालेल्या गुलामाला धरून देणाऱ्यास बक्षीस, अशा जाहिरातींच्या डोक्यावर हे चित्र ठशानं, म्हणजे छपाईच्या तयार साच्यानं, छापत. ठसे तयार विकत मिळत. खाली नाव, वय, अंगावरचे व्रण, बक्षिसाची रक्कम बदलायची. वरचा माणूस तोच. त्यात कुणाचा चेहरा शोधू नका, तो कुणाचाच नाही.

आता गुलामगिरीतून पळालेल्या एलन क्राफ्टचं चित्र बघा. १८४८च्या डिसेंबरात ती गोऱ्या जमीनदाराच्या वेषात, नवरा विल्यमला आपला गुलाम भासवत, दक्षिणेतल्या जॉर्जियातून उत्तरेतल्या फिलाडेल्फियाला पोचली. वाटेत दाढी नसलेला चेहरा झाकायला तिनं पोटीस, म्हणजे औषधी लेपाची पट्टी, बांधलं होतं. चित्रात मात्र ते नाही. विल्यमनं कारणही लिहून ठेवलंय: पोटिसासकट चेहरा नीट उतरला नसता. ठशाला चेहरा लागतच नव्हता. इथे चेहऱ्यासाठी वेषातला एक भाग सोडून दिला. माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे. हेन्री ब्राउनचंही तसंच. १८४९ साली पेटीत बसून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलनं पळून गेलेला हा गुलाम, २७ तासांनी पेटीतून वर येताना, नावानिशी छापला गेला.

घोळ होतो त्याला एक खरं कारणही आहे. जुलै १८३७मध्ये न्यूयॉर्कच्या एका गुलामगिरीविरोधी मासिकानं तोच गाठोडंवाला ठसा मुखपृष्ठावर घेतला. पण सोबत स्पष्ट सांगितलं की हे ठसे याच शहरात दक्षिणेच्या बाजारासाठी बनतात. म्हणजे त्यांनी तो पुरावा म्हणून छापला होता. आपण मजकूर कापतो आणि नुसता माणूस उचलतो.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेशेजारी एलनचं चित्र लावा. ठसाच हवा असेल तर खालच्या जाहिरातीसकट लावा.