बाटलीवरचा गेंडा, बाटलीतली कस्तुरी

कस्तुरीमृगाच्या नराला बेंबीच्या खाली, कातडीच्या आत लिंबाएवढी पिशवी असते. तिच्यात साधारण २५ ग्रॅम कस्तुरी निघते. म्हणजे किलोभर कस्तुरीला चाळीस नर. हा झाला कागदावरचा हिशेब. फासे लावून शिकार होते आणि फाशाला नर-मादी कळत नाही. माद्या आणि पाडसंही मरतात, त्यांच्याकडून मिळत काहीच नाही.

ताज्या कस्तुरीला अमोनियासारखा उग्र दर्प असतो. वाळलेले दाणे अल्कोहोलमध्ये, साधारण ३ टक्के प्रमाणात, काही महिने मुरवले की ऊबदार, गोडसर गंध सुटतो. शिवाय अत्तरातले लवकर उडून जाणारे घटक ती धरून ठेवते. खरी मागणी या गुणाला होती.

पर्याय सापडला तो अपघाताने. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर टीएनटीच्या जवळच्या स्फोटक संयुगांवर काम करत होते; त्यातल्या एका संयुगाला कस्तुरीसारखा वास होता. त्यातून ‘नायट्रो मस्क’ची, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाच्या कृत्रिम संयुगांची, पिढी निघाली. पुढे १९२६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिच्का यांनी खऱ्या कस्तुरीतल्या मस्कोन या मुख्य गंधद्रव्याची रचना उलगडली: १५ कार्बनचं कडं. एवढं मोठं कडं टिकतच नाही, असं तोवर रसायनशास्त्र मानत होतं. १९३९ च्या नोबेलमागे हेही काम होतं. पण अशी कडी बनवणं महाग, म्हणून साबण-डिटर्जंटमध्ये स्वस्त नायट्रो मस्कच गेले. १९८१ मध्ये जपानच्या तामा नदीतल्या माशांत ते सापडले. त्यातलं मस्क झायलीन निसर्गात विघटन पावत नाही आणि चरबीत साठतं. युरोपीय संघाने पुढे त्यावर बंधन आणलं. म्हणजे हरणावरचा भार माशांवर गेला.

बाकीच्या प्राण्यांची गोष्ट वेगवेगळी आहे. एका दोरीत ओवणं चूक. जवादी मांजराचा स्राव इथिओपियात पिंजऱ्यात ठेवून दर नऊ ते बारा दिवसांनी खरवडून काढतात. ते आफ्रिकी मांजर दुर्मीळ नाही. तिथला प्रश्न क्रौर्याचा. अंबर हे स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनतं (‘उलटी’ हे नाव चुकीचं), समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून पिकतं. १९५० पासून त्यातला मुख्य गंध क्लेरी सेज या वनस्पतीतून बनवता येतो. वाहून आलेलं अंबर ‘साइटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेबाहेर मानलं जातं, तरी भारत आणि ऑस्ट्रेलियात त्याचा व्यापार बेकायदा आहे.

‘साइटीस’ १९७३ मध्ये ठरला, १९७५ पासून लागू झाला. हिमालयातल्या कस्तुरीमृगाला त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत, जागा आहे.

प्राण्यांच्या नावाने निघणारे आजचे परफ्यूम या सगळ्यानंतरचे. टोरांटोचं झूलॉजिस्ट हे परफ्यूम-घराणं २०१३ पासून त्यावरच उभं आहे, प्राणिज घटक न वापरता. गेंड्याचा अर्क निघत नाही. त्याचा परिसर रचावा लागतो. धुरकट चामड्यासाठी बर्च टार (बर्च झाडाचं डांबर), सुक्या गवतासाठी वाळा, ओल्या मातीसाठी जिओस्मिन. जिओस्मिन ०.१ टक्क्याच्या द्रावणातूनही थेंबानेच घालायचं; एक थेंब जास्त झाला की माळरानाऐवजी बीट आणि तळघर. मस्कचं दुखणं उलटं: काही नाकांना एखादा मस्क जाणवतच नाही, म्हणून दोन-तीन प्रकारचे मिसळतात.

बाटलीवर ‘संवर्धनासाठी’ लिहिलं असेल तर रक्कम किती, कोणत्या संस्थेला आणि कधीपर्यंत, हे विचारावं. मग घटकांची यादी पाहावी. अगरु (ऊद) देणाऱ्या ॲक्विलेरिया झाडाच्या सर्व जाती २००४ च्या परिषदेत ‘साइटीस’च्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्या यादीत, आल्या, पुढे ब्राझीलचं रोजवुडही. वाघाच्या नावाच्या बाटलीत जंगलातून तोडलेलं अगरु असू शकतं; लागवडीचं असेल तर विक्रेत्याकडे त्याचा परवाना मागता येतो.