मागच्या सोमवारी निघालेलं वजन आज का निघत नाही?

सभासदांसाठी माहितीपत्रक

'सर, मागच्या आठवड्यात बेंचला साठच्या आठ रेप्स निघाल्या, आज सातव्याला रॉड छातीवरच बसला. ताकद कमी होतेय का? प्रोटीन बदलू का?' काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. (नव्यांसाठी: बेंच म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलणं, रेप म्हणजे ते एकदा पूर्ण करणं आणि सेट म्हणजे न थांबता काढलेल्या रेप्स.) प्रोटीनच्या डब्याचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

आधी हिशेब करू. एका रेपला जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज काढायला एप्लीचं सूत्र सगळीकडे वापरतात: रेप्सना ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा. ६० किलोच्या ८ रेप्स म्हणजे ७६ किलो, ६ रेप्स म्हणजे ७२. आठाच्या सहा झाल्या की पाव ताकद गेल्यासारखं वाटतं, पण फरक पाचेक टक्क्यांचाच असतो. आठवड्याभरात स्नायू वितळत नाहीत. व्यायाम पूर्ण बंद ठेवला तरी पहिले दोन आठवडे ताकद फारशी हलत नाही. पाच टक्के मात्र अगदी साध्या कारणांनी इकडेतिकडे होतात.

वजन खरंच तेवढंच होतं का?

स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा, महिलांचा १५ चा. साध्या जिममधले रॉड याहून हलके-जड कसेही असतात, आमचेही आहेत. म्हणून प्रत्येक रॉड काट्यावर ठेवून त्याच्या टोकाला पांढऱ्या रंगाने वजन लिहिलंय. ते वाचा. ओतीव प्लेटसुद्धा तिच्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमी-जास्त भरते. केबल मशीनचं तर विचारूच नका. सरकत्या पुलीवरून केबल फिरवली असेल तर ४० किलो लावूनही हाताला साधारण २० च लागतात. त्यामुळे दुसऱ्या जिममधला पुलडाउनचा (वरून केबल खाली ओढायच्या व्यायामाचा) आकडा इथे आणू नका, इथला तिकडे सांगू नका.

आणि पार्टनरचा सपोर्ट! वर उभा राहून 'तुझंच आहे, तुझंच आहे' म्हणत दोन्ही हातांनी रॉड ओढणारा मित्र सगळ्यांना हवा असतो. आठातल्या शेवटच्या दोन रेप्स त्याच्या होत्या आणि आज तो आला नाही, तर तुमच्या खात्यात आधीपासून सहाच होत्या.

वेळ आणि शिफ्ट

आपल्याकडचे बरेच सभासद भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिफ्टला आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ त्यांच्याच आकड्यांत दिसतो. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर चढत संध्याकाळी वर पोचतं. स्नायूंचा जोरही बहुतेकांत त्याच्या मागेमागे चालतो. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तोच माणूस तेच वजन उचलतो तेव्हा काही टक्क्यांचा फरक पडतो, काहींना तो दहाच्या घरात जातो. रोज सकाळीच येणाऱ्यांत शरीर सवय लावून घेतं आणि हा फरक आटतो. पण दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्याला ती सवय लागणार कधी? अशांनी सकाळचे आकडे सकाळच्याच आकड्यांशी ताडून बघावेत. सकाळी वॉर्मअपचे दोन हलके सेट जास्त घ्यावेत, थंडीत तर नक्कीच.

झोपेचंही यातच आलं. एका रात्री झोप कमी झाली तर एखादी जड रेप निघूनही जाते, पण पुढचे सेट ढासळतात आणि प्रत्येक रॉड आहे त्याहून जड लागतो. सलग तीन-चार रात्री अर्धवट गेल्या की स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) आधी मार खातात. प्रीवर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनची पावडर) घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: कॅफिनने जोर थोडा वाढतो हे खरं, पण घेतलेल्यातलं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा डोस मध्यरात्री निम्मा अंगात असतो, म्हणजे आजचा सेट उद्याच्या झोपेतून उधार घेतलेला. आणि तिचा डबा संपला त्या दिवशी 'आज अंगात जीवच नाही' असं वाटतं ते वेगळंच.

पोट, पाणी, उपवास

जड सेटना लागणारं इंधन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, ग्लायकोजेन. भरल्या पोटी राहणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ती चारेकशे ग्रॅम असते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर आणि फळांवर राहणाऱ्याचा साठा आटतो, काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसतं आणि रेप्स पडतात. साबुदाण्याची खिचडी दाबून खाणाऱ्यांना मात्र उपवासाचं कारण सांगता येणार नाही, त्यात पिष्टमय पदार्थच भरलेले असतात. रोजा असताना इफ्तारच्या आधी येणाऱ्यांनी वजन हलकंच ठेवावं. जड दिवस इफ्तारनंतर घ्यावा.

एप्रिल-मेमध्ये आमच्या पत्र्याखाली काय होतं ते तुम्ही जाणताच. ७० किलोच्या माणसाचा १.४ किलो घाम गेला की वजनाचे दोन टक्के झाले, आणि तिथून पुढे दम आणि रेप्स दोन्ही घसरू लागतात. येताना आणि जाताना काट्यावर उभं राहा, किती पाणी कमी पडतंय ते कळेल.

सोमवारची गर्दी

सोमवारी सगळ्यांचा चेस्ट डे, म्हणजे छातीच्या व्यायामाचा दिवस. बेंचला रांग लागते, मागचा घाई करतो, आणि दोन-तीन मिनिटांऐवजी पाऊण मिनिटात पुढचा सेट लागतो. एवढ्या वेळात स्नायूंतला झटपट जोराचा साठा भरून येत नाही. आधी खांदे मारून मग बेंचला आलात तरी तेच होतं. आमचं मत स्पष्ट आहे: चेस्ट गुरुवारी ठेवा. देवाधर्माने सोमवारच नेमून दिलेला नाही.

महिला सभासद मासिक पाळीबद्दल विचारतात. सरासरीने ताकदीवरचा परिणाम लहानच असतो, पण बाईगणिक बदलतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची स्वतःची नोंद जे सांगेल ते खरं धरा. रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मग करायचं काय?

काउंटरवर वही मिळते. वजन आणि रेप्स सगळेच लिहितात. शेजारी वेळ, रॉड, सेटमधली विश्रांती आणि 'अजून किती निघाल्या असत्या' हेही लिहा. जड वाटलेल्या दिवशी पाच-दहा टक्के उतरवा आणि ठरलेले सेट पूर्ण करा. वजन उतरवलं म्हणून इथे कुणी हसणार नाही, हसलाच तर आम्हाला सांगा. चिडून चार सेट जास्त मारू नका. त्याचं दुखणं पुढचे दोन-तीन दिवस पुरतं आणि पुढचा वर्कआउटही जातो.

तीन आठवडे आकडे खालीच येत असतील तर ट्रेनरला वही दाखवा. बहुधा एक हलका आठवडा पुरतो. डेंग्यू-चिकनगुनियातून उठला असाल तर घाई नको, निम्म्या वजनापासून सुरुवात करा. झोप-जेवण ठीक असूनही थकवा हटत नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. छातीत कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, अचानक एकाच हाता-पायातला जोर जाणं किंवा व्यायामानंतर चहासारखी गडद लघवी, यांपैकी काहीही दिसलं तर ट्रेनरला विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या महिन्याची फी आम्ही पुढे ओढून देऊ.