हजार हॉर्सपावर आणि तळहाताएवढं रबर

चिपळूण-गुहागरकडच्या पोरांशी गाड्यांचा विषय काढला की एक वाद हमखास निघतो. कुणीतरी मोबाइलवर लॅम्बोर्गिनीची रील दाखवतो आणि म्हणतो, "हजार हॉर्सपावर! पाचशेवालीच्या दुप्पट पळणार." बाकीचे माना डोलावतात. मोठी माणसंही असंच समजतात, आणि सुपरकारच्या जाहिराती हा समज मोडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. खरं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, यात भौतिकशास्त्राचा माझा सगळ्यात आवडता धडा दडलेला आहे.

आधी कंपन्यांचे आकडे बघू. २०२० साली आलेली पोर्शे ९११ टर्बो एस (९९२ पिढीची) ६५० हॉर्सपावरची होती. शून्यावरून १०० किमी वेग गाठायला तिला २.७ सेकंद लागायचे, आणि आपल्याकडे किंमत होती तीन कोटींच्या वर. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो १०१५ हॉर्सपावरची. २०२३ च्या अखेरीस ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत होती ८.८९ कोटी, आणि तिचा वेळ २.५ सेकंद. म्हणजे ३६५ हॉर्सपावर आणि पाच कोटींहून अधिक रुपये जास्त मोजून हाती आले ०.२ सेकंद. आणि बीवायडी सील ही चिनी इलेक्ट्रिक गाडी २०२४ मध्ये आली, तेव्हाचं तिचं ५३ लाखांचं वरचं मॉडेल ३.८ सेकंदांत शंभर गाठतं.

मग ती वाढीव ताकद जाते कुठे?

दहावीचं गणित पुरेल. गाडीचं वजन १५०० किलो धरू. १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. या वेगाला गाडीत साठलेली गतिज ऊर्जा भरते साधारण ५.८ लाख ज्यूल. ती अडीच सेकंदांत द्यायची तर सरासरी ३१५ हॉर्सपावर लागते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, त्यामुळे ढकलणारं बल सारखंच ठेवलं तर सर्वात जास्त शक्ती शेवटच्या क्षणी लागते, सरासरीच्या दुप्पट, ६३० च्या आसपास. जड गाडीला थोडी जास्त. त्याहून मोठं इंजिन बसवलं तरी शंभरपर्यंत त्याला फारसं काम उरत नाही.

पण बलच का वाढवू नये? दीड सेकंदात शंभर का नाही? कारण गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता. इंजिन फक्त चाक फिरवतं; चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता गाडीला पुढे रेटतो. रस्ता किती जोराने रेटू शकतो हे घर्षणावर ठरतं. घर्षणांक (म्हणजे पकडीचं बल भागिले टायरवरचा भार) १ असेल, चारही चाकं ओढत असतील आणि फक्त गाडीचं वजनच टायर दाबून धरत असेल, तर त्वरण गुरुत्वाइतकं, ९.८. त्या हिशेबाने शंभर गाठायला २.८ सेकंद लागतात. हा हिशेब करताना वस्तुमान वर-खाली कटून जातं, हे स्वतः एकदा मांडून बघा. अडीच सेकंदांसाठी घर्षणांक १.१३ हवा. घर्षणांक एकाच्या वर जात नाही असं अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं, पण गरम, मऊ रबर तो सहज ओलांडतं.

रबराची गंमत इथे सुरू होते. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा शाळेतला नियम लाकडाच्या ठोकळ्याला चालतो, रबराला नाही. डांबरी रस्ता जवळून बघा: खडीची टोकं वर आलेली असतात, त्या टोकांवरही आणखी बारीक खडबडीतपणा असतो. मोदकाच्या साच्यात उकड दाबली की ती कळ्यांमध्ये शिरते, तसं रबर या खाचांत शिरतं. मग दोन गोष्टी होतात. एक, रबराचे लांब रेणू दगडाला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात. दोन, टायर किंचित घसरत पुढे जाताना रबर प्रत्येक टोकाशी दबतं आणि पुन्हा फुगतं, पण फुगताना दाबायला लागली तेवढी ऊर्जा परत देत नाही. राहिलेली ऊर्जा उष्णता होते. हा तोटाच आपली पकड आहे. सगळी ऊर्जा परत देणारा, चेंडूसारखा उसळणारा टायर ब्रेक मारताना फार कमी कामाचा.

किंचित घसरत, हे शब्द महत्त्वाचे आहेत. चाक रस्त्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त वेगाने फिरत असतं तेव्हा पकड सर्वाधिक असते. त्याहून जास्त फिरलं की नुसता धूर निघतो. इलेक्ट्रिक गाड्या इथे बाजी मारतात, कारण मोटरचं बल काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतं आणि चाक त्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवता येतं.

टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुपटीपेक्षा थोडी कमी वाढते. म्हणून, रबराच्या प्रत्येक भागावर कमी भार यावा यासाठी, सुपरकारचे टायर रुंद. बुगाटी वेरॉनच्या मागच्या टायरची रुंदी ३६५ मिलिमीटर होती. तरी प्रत्यक्षात रस्त्याला टेकणारं रबर फार थोडं असतं. एका चाकावर ४१० किलो भार आणि टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला २.३ किलो दाब धरा, भागाकार करा: १८० चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर. तीन कोटींची गाडी रस्त्याला धरून असते ती अशा चार तुकड्यांनी.

ही मर्यादा ओलांडायची एकच वाट आहे, टायर रस्त्यावर वजनापेक्षा जास्त दाबायचा. २०२३ मध्ये झुरिच आणि ल्युसर्नच्या विद्यार्थ्यांनी १४० किलोची एक इलेक्ट्रिक गाडी बनवली. तिच्या पोटाखालची हवा पंख्यांनी ओढून घेतली की ती रस्त्याला चिकटते. ती ०.९५६ सेकंदात, जेमतेम १२.३ मीटर अंतरात शंभरला पोचली. हॉर्सपावर होती ३२६! याउलट रिमाक नेव्हेरा या इलेक्ट्रिक सुपरकारने त्याच वर्षी १.८१ सेकंदांचा आकडा दिला, १९१४ हॉर्सपावरच्या बळावर. या आकड्यात पहिली फूटभर धाव मोजलेली नाही, अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची (सरळ पट्टीवरच्या शर्यतींची) ती रीत आहे. त्या एका फुटात पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. सुपरकारचे आकडे वाचताना ही गोष्ट आधी विचारावी.

आता हे सगळं परशुराम घाटात मिरगाच्या पहिल्या पावसात आणा. रस्त्यावर महिनोन्‌महिने साठलेलं तेल आणि जांभ्याची लाल धूळ असते. थोडंसं पाणी पडलं की त्याचा बुळबुळीत थर होतो. तो धुऊन जायला जोराची सर लागते. या थराने रेणूंचं चिकटणं बंद पडतं, उरतं फक्त रबराचं दबणं-फुगणं. घर्षणांक ०.५ वर आला तर शंभर गाठायला कमीत कमी ५.७ सेकंद लागणार, रेव्हुएल्टोलाही आणि सीललाही. आठ कोटींचा फरक घाटातल्या एका सरीत पुसला जातो. ताशी ८० किमीवरून थांबायचं अंतर कोरड्या रस्त्यावर २८ मीटर असेल तर इथे ५० मीटर होतं.

पाणी टायरच्या खाचांत मावेनासं झालं की टायर चक्क तरंगतो. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरसाठी एक सूत्र दिलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. ३२ हवा असेल तर ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किमी. सूत्रात वजन नाही, इंजिन तर नाहीच. कारचा रुंद टायर याच्याही आधी तरंगू शकतो, कारण पाण्याला बाजूला निघून जायला लांबचा रस्ता पडतो.

म्हणून नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लिंबू चिरडल्याने रबराची पकड बदलत नाही. पावसाळ्याआधी खाचांच्या तळाचे छोटे उंचवटे बघा. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर टायर बदला, तिथे गाडीचा जीव आहे. आणि पैसे देऊन भरायच्या नायट्रोजनचा एवढा गाजावाजा नको; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी दाब तपासणं जास्त मोलाचं.

तर मग हजार हॉर्सपावर कुठे कामाला येते? हवेशी झुंजायला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती घनाने वाढते. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट. वेरॉन १००१ हॉर्सपावरवर ४०७ किमी पळायची. तिचीच सुपर स्पोर्ट आवृत्ती १२०० वर ४३१ पळाली. ४३१ भागिले ४०७, त्याचा घन १.१९, आणि १२०० भागिले १००१ म्हणजे १.२०. निसर्गाचा नियम कोट्यवधींच्या यंत्रातून इतका स्वच्छ दिसतो याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. २०१९ मध्ये बुगाटीच्याच शिरॉनने ४९० किमी गाठले. घनाच्या हिशेबाने साडेसतराशे हॉर्सपावर लागली असती, तिला १६०० पुरली. उरलेलं काम लांबवलेल्या शेपटीच्या आकाराने केलं. यासाठी जर्मनीत ८.७ किलोमीटरची सरळ पट्टी वापरली होती. मुंबई-गोवा महामार्गावर अशी ताकद वापरायला जागा नाही.

तरीही सुपरकारचा पैसा सगळा वाया असं मी म्हणणार नाही. खरी किंमत मला दिसते ती उष्णता हाताळण्यात. पोर्शे ३०० किमीवरून थांबवायची तर ब्रेकना काही सेकंदांत ५७ लाख ज्यूल गिळावे लागतात. कार्बन-सिरॅमिक चकत्या ते पुन्हापुन्हा करतात. आता आपली साधी १५०० किलोची गाडी कुंभार्ली घाटातून ५०० मीटर खाली उतरवा: वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार ७३ लाख ज्यूल! पोर्शेच्या त्या थांबण्यापेक्षा जास्त, फक्त मिळणारा वेळ वीसेक मिनिटांचा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीच इंजिन आणि हवा खाते. न्यूट्रलमध्ये उतरलं तर बहुतेक ब्रेकवर येते. त्यात कोकणची दमट हवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि डॉट ४ प्रकारच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, तो ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळून वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पोरांनो, पुढच्या सर्व्हिसिंगला हॉर्सपावरआधी हे विचारा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?