वर्गाचं मत आणि लुडोचा फासा

‘आंतरजातीय लग्नाला कुणाकुणाचा विरोध आहे? हात वर करा.’ सव्वाशे मुलामुलींच्या वर्गात असं विचारलं, तर एखादा हात अर्धा वर येतो आणि शेजारच्याने वळून पाहिलं की डोकं खाजवू लागतो. फाशीची शिक्षा, आरक्षण, समलिंगी विवाह, देव मानणं-न मानणं, कुठलाही वादाचा विषय घ्या. उघड मतदानात वर्ग एक तर एकमुखी होतो नाहीतर गप्प बसतो. इकडे २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर झालेल्या लग्नांचं प्रमाण निघालं जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. हात खाली ठेवणारे सगळे खोटं बोलतात, असा याचा अर्थ नाही; लग्नं बहुतेक घरचेच ठरवतात. पण हातांच्या मोजणीतून वर्गाचं मत कळलं, असं समजणंही भाबडेपणाचं आहे.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे निनावी चिठ्ठी. ती वाटते तितकी निनावी नसते. वर्षभर वह्या तपासणाऱ्या प्राध्यापकाला ‘होय’ या दोन अक्षरांवरूनही हस्ताक्षर ओळखता येतं. हिरव्या शाईचं पेन वर्गात एकाकडेच असतं. गुगल फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून भरायला लावला, तर ‘नाव विचारलेलं नाही’ या आश्वासनावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. सगळ्यात मोठी गफलत मात्र ‘थोडी माहिती’ मागण्यात होते. मुलगा की मुलगी, प्रवर्ग, तालुका, शाखा हे चार रकाने एकत्र आले की १२० जणांतल्या कित्येकांच्या वाट्याला असा संच येतो, जो दुसऱ्या कुणाचाच नसतो. मग नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच. फार तर एक रकाना ठेवावा, आणि त्यातल्या कुठल्याही गटात निदान वीसेक जण असतील याची आधीच खात्री करावी.

भीतीचं आपण नंतर बघू. त्याआधी प्रश्नाच्या शब्दांचा विचार करायला हवा, कारण तिथे झालेली चूक कुठल्याही गुप्ततेने दुरुस्त होत नाही. अमेरिकेत १९४० साली डोनाल्ड रग यांनी एकच प्रश्न दोन गटांना दोन तऱ्हांनी विचारला. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारल्यावर ६२ टक्के लोक नको म्हणाले. तशा भाषणांवर ‘बंदी घालावी का’ असं विचारल्यावर घालावी म्हणणारे निघाले ४६ टक्के. परवानगी नाकारणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात काडीचा फरक नाही. पण ‘बंदी’ हा शब्द कडक आहे आणि तो उच्चारताना माणूस कचरतो.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. ‘आंतरजातीय विवाहांना विरोध नसावा असं तुम्हाला वाटत नाही का?’ याचं उत्तर ‘हो’ आलं तर काय समजायचं? ‘हो, वाटतं’ की ‘हो, नाही वाटत’? आपल्याकडे ‘हो’ने नकारालाही दुजोरा देता येतो, त्यामुळे नकारार्थी प्रश्नावरचं होय-नाही निरर्थक ठरतं. प्रश्नात ‘न’ एकदाही येऊ नये, हा साधा नियम पाळला तरी निम्मा गोंधळ टळतो. दुसरी गोष्ट ‘चालेल’ची. ‘मान्य आहे’, ‘हरकत नाही’, ‘चालेल’ आणि ‘आवडेल’ या उतरंडीवरच्या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. एका वर्गाला पहिला शब्द आणि दुसऱ्याला तिसरा दिला, तर त्या दोन वर्गांची तुलना विसरा.

आणि प्रश्न कुणाच्या लग्नाचा? ‘समाजात’ आंतरजातीय लग्नं व्हावीत का, याला होय म्हणायला काही पडत नाही. एमोरी बोगार्डस या समाजशास्त्रज्ञांनी १९२५ साली हेच ओळखून अंतराच्या पायऱ्या लावल्या: अमुक गटातला माणूस देशात चालेल का, शेजारी चालेल का, मित्र म्हणून चालेल का, लग्नसंबंधात चालेल का. मत उंबऱ्याच्या जितकं जवळ येतं, तितकं ते खरं होतं. म्हणून प्रश्न घरातला हवा: ‘माझ्या बहिणीने दुसऱ्या जातीत लग्न करायचं ठरवलं, तर मी विरोध करेन.’ बहीण नसेल त्यांनी चुलत-मावस बहीण धरावी. ‘बहीण किंवा भाऊ’ असं मात्र लिहू नये. दोघांबाबत उत्तर एकच असेल असं गृहीत धरणं हा आपल्या समाजाबद्दलचा फाजील विश्वास झाला.

प्रश्नांचा क्रमही उत्तर फिरवतो. १९४८च्या अमेरिकेत ‘साम्यवादी देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का’ हा प्रश्न आधी विचारला, तेव्हा सुमारे ३७ टक्के लोक होय म्हणाले. रशियाने अमेरिकी पत्रकारांना येऊ द्यावं का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न केला, तर ७३ टक्के. एकदा स्वतःसाठी हक्क मागितल्यावर समोरच्याला तो नाकारणं जड जातं. तत्त्वज्ञानाच्या तासाला लाडका असलेला ट्रॉलीचा पेच घ्या. न थांबणारी गाडी रुळांवरच्या पाच माणसांवर येते आहे, खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर जाऊन एकच मरेल. या पेचाचं मूळ रूप फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलं. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्याला पुलाची जोड दिली: पाच जणांना वाचवण्यासाठी पुलावरच्या धिप्पाड माणसाला खाली ढकलायचं का? खटका ओढायला बरेच जण तयार होतात, ढकलायला फारसे नाहीत. पण पूल आधी विचारला की खटका ओढायची तयारीही घटते. हे पोराटोरांचं कच्चेपण म्हणावं, तर श्विट्झगेबेल आणि कुशमन यांच्या २०१२च्या अभ्यासात तत्त्वज्ञानात पीएचडी झालेल्यांवरही क्रमाचा परिणाम दिसला. तेव्हा अर्ध्या चिठ्ठ्यांवर प्रश्नांचा क्रम उलटा छापावा आणि दोन्ही गठ्ठे वेगळे मोजावेत.

आता भीती. तिच्यावरची युक्ती स्टॅनले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली: उत्तरात मुद्दाम, मोजूनमापून गोंधळ मिसळायचा. त्यांची मूळ रीत जरा किचकट होती. नंतर रूढ झालेला एक सोपा प्रकार वर्गात सहज करता येतो. प्रत्येक बाकाला लुडोचा एक फासा आणि एक कागदी कप द्यायचा. चिठ्ठीवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन छापलेले हवेत, म्हणजे फक्त खूण करायची. पेनं सगळ्यांना एकाच रंगाची. प्रत्येकाने कप उपडा घालून फासा पाडायचा आणि कपाची कड उचलून एकट्याने बघायचा. १ पडला तर मत काहीही असो, ‘होय’वर खूण. ६ पडला तर मत काहीही असो, ‘नाही’वर. २ ते ५ पडले तर खरं उत्तर. फासा लगेच हलवून टाकायचा.

खऱ्या प्रश्नाआधी ‘आज नाश्ता न करता आलात का’ असल्या निरुपद्रवी प्रश्नावर एक फेरी घ्यावी (इथला ‘न’ खपून जातो). तिचा निकाल फळ्यावर मांडून हिशेब सगळ्यांसमोर करावा. आकडेमोड कळली की मुलांना युक्ती पटते. नुसतं ‘घाबरू नका’ म्हटल्याने पटत नाही.

हिशेब असा. १२० जणांपैकी साधारण २० जणांना १ पडणार, २० जणांना ६. उरलेले ८० खरं सांगणार. समजा ‘होय’च्या चिठ्ठ्या ५० निघाल्या. त्यातल्या २० फाशाच्या, उरल्या ३०. ८० पैकी ३०, म्हणजे ३७.५ टक्के. कुणाच्या हातात ‘होय’ची चिठ्ठी दिसलीच, तर त्याला ‘मला १ पडला होता’ एवढं म्हणायची सोय कायम राहते, आणि ते खोटं ठरवणं कुणालाही शक्य नाही.

या संरक्षणाची किंमत असते. हा वर्ग मोठ्या विद्यार्थिवर्गाचा नमुना मानला, तर ३७.५चा आकडा १३ अंकांनी खालीवर होऊ शकतो: २४ ते ५१. सरळ विचारून सगळ्यांनी खरं सांगितलं असतं, तर ही मर्यादा ९च्या आत राहिली असती. फाशाने तेवढीच नेमकी मोजणी करायला १२०च्या जागी २८० जण लागतात. साठ जणांच्या वर्गात तर मर्यादा १९च्या घरात जाते, तिथे फासा टाकण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. बहिणीच्या लग्नाला मनापासून पाठिंबा असलेल्या मुलीला १ पडतो आणि तिला ‘विरोध करेन’वर खूण करायची असते. कुणाला कळणार नाही हे माहीत असूनही हात अडखळतो. ती ‘नाही’वर खूण करून मोकळी होते. असे पाच-सात जण निघाले तरी निकाल घसरतो. १२० चिठ्ठ्यांत ‘होय’ १०च निघाले, तर तो वर्ग पुरोगामी नव्हे, नियम मोडणारा आहे. कारण नुसत्या फाशाने २०च्या आसपास ‘होय’ यायला हवे होते. हिशेब केला तर टक्केवारी उणे निघते.

म्हणून २००८ पासून जोडप्रश्नाची पद्धत वापरात आली. त्यात खोटं बोलायला कुणालाच लावत नाहीत. दोन प्रश्न एकत्र देतात, एक नाजूक आणि एक बिनमहत्त्वाचा, आणि एवढंच विचारतात: दोन्हींची उत्तरं सारखी आहेत की वेगळी? बिनमहत्त्वाच्या प्रश्नाचं प्रमाण आधी माहीत असावं लागतं. यासाठी ‘तुमच्या आईचा वाढदिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतो का’ असा प्रश्न परदेशात चालतो. महाराष्ट्रात तो सांभाळून वापरावा. आधीच्या पिढ्यांतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली असते, आणि बारा महिन्यांत वाढदिवस सारखे पसरतील हे गृहीतकच कोसळतं. त्यापेक्षा खिशातली नोट बरी: तिच्या क्रमांकाचा शेवटचा अंक ० किंवा १ आहे का? प्रमाण बरोबर २० टक्के. यूपीआयच्या जमान्यात खिशात नोट सापडेलच असं नाही, म्हणून दहाच्या नोटांचं एक बंडल सोबत ठेवायचं.

१२० पैकी ‘सारखी’ असं सांगणारे ६९ निघाले, म्हणजे ५७.५ टक्के. विरोधक एकही नसता तर ‘सारखी’ ८० टक्के आली असती, सगळेच विरोधक असते तर २०; फरक ६०चा, म्हणजे ०.६. म्हणून ८० मधून ५७.५ वजा करा, राहिले २२.५, त्याला ०.६ने भागा. पुन्हा ३७.५. इथे धोका उलट्या बाजूचा असतो. न वाचता खुणा करणारे आकड्याला ५०कडे ओढतात. वर्गात एकाचाही विरोध नसला आणि दहा टक्के मुलांनी कंटाळून कुठेही खूण केली, तरी निकालात ५ टक्के विरोधक उगवतात. ते पकडायला याच साच्यात, दुसरी नोट घेऊन, एक प्रश्न असा घालायचा ज्याचं उत्तर सगळ्यांचं ‘नाही’च असणार: ‘तुमचा जन्म १९९० च्या आधी झाला आहे का?’ एकोणीस-वीस वर्षांच्या वर्गात त्याचा निकाल शून्याच्या आसपास यायला हवा. १२० जणांत नुसत्या योगायोगानेही तो १२ अंकांपर्यंत हलू शकतो. वीसच्या पुढे गेला, तर बहिणीच्या लग्नाचा आकडा फळ्यावर लिहू नये.