गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन

गुलाबी बोंडअळी ही कपाशीच्या बोंडात शिरून सरकी खाणारी कीड. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. पेरणीची वेळ, सापळे, मित्रकीटक, निंबोळी अर्क आणि अगदी गरज पडली तरच रासायनिक फवारणी, असे उपाय हंगामभर एकमेकांच्या जोडीने वापरून तिला आटोक्यात ठेवणे म्हणजे तिचे एकात्मिक व्यवस्थापन. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात दोन-चार एकर कोरडवाहू कपाशीवर घर चालवणाऱ्यांसाठी हा जगण्याचा प्रश्न आहे.

या किडीची शास्त्रीय नोंद १८४३ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झाली. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बाहेरचे जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीला, आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या बीटीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असे अनेकांना वाटले. बियाण्याच्या पिशवीसोबत बिगरबीटी सरकीचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट येई. ते शेताच्या कडेने लावले की बीटीच्या विषाला बळी पडणाऱ्या अळ्यांचा वंश टिकून राहतो आणि किडीत प्रतिकारशक्ती सावकाश येते. बहुतेकांनी ते लावलेच नाही. त्यासाठी एकट्या शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. ज्याच्याकडे तीनच एकर आहेत, त्याला त्यातल्या काही ओळी किडीसाठी सोडायला सांगताना कारण नीट समजावायला हवे होते. गुजरातेत आधी पहिल्या, मग दुसऱ्या जनुकालाही अळी दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कमी फवारणीचा आग्रह पिकाइतकाच माणसासाठीही आहे, तो यामुळेच.

अळी ओळखायची ती फुलावरून. प्रादुर्भाव झालेले फूल उमलत नाही. पाकळ्या पिळ पडल्यासारख्या टोकाशी चिकटून राहतात आणि फूल अर्धवट मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. याला डोमकळी म्हणतात. ती तोडून बोटांनी उकलली की आत परागकण खाणारी बारीक अळी सापडते. पुढच्या पिढ्या थेट हिरव्या बोंडात शिरतात. शिरतानाचे छिद्र बोंड वाढताना बुजून जाते, त्यामुळे बाहेरून बोंड धडधाकट दिसते. फोडल्यावर पोखरलेली सरकी, पिवळट डागाळलेला कापूस आणि गुलाबी अळी हाती येते. एकदा ती आत गेली की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून सगळी भिस्त पतंगावर नजर ठेवण्यावर असते. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी, म्हणजे ल्यूर, लावतात. त्या वासाने नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. नजर ठेवण्यासाठी एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा दहा टक्के फुले वा बोंडे किडलेली दिसली, तर नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. ती बदलायची राहिली की सापळा रिकामा दिसतो आणि शेतकरी निर्धास्त होतो.

सुरुवातीच्या दिवसांत पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी फडक्यातून गाळून त्यात साबणाचा चुरा मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर द्रावण करायचे. निंबोळ्या मात्र पावसाच्या तोंडावर, गळतात तेव्हाच वेचून ठेवाव्या लागतात. ट्रायकोकार्ड म्हणजे मित्रकीटक सोडण्यासाठी पिकात लावायचे कार्ड. त्यावरच्या सूक्ष्म गांधीलमाश्या किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. कार्डे लावल्यावर लगेच विषारी फवारणी केली तर त्याच मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली रासायनिक कीटकनाशके लवकर वापरल्यास पांढरी माशी बळावते.

सगळ्यांत परिणामकारक उपाय बिनखर्चाचा, पण सगळ्यांत अवघड आहे: पीक वेळेत संपवणे. या किडीचा मुख्य आसरा कपाशीच. हंगाम संपताना अळ्या सरकीत आणि पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांवरच्या, वाळक्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात. उन्हाळ्याअखेर निघालेल्या पतंगांना पाते-फुले मिळाली नाहीत तर त्यांची पिढी वाया जाते. मे महिन्यात पाण्यावर लावलेली कपाशी त्यांना नेमका तोच आसरा देते. डिसेंबरनंतर ठेवलेली फरदड, म्हणजे आणखी कापूस मिळावा म्हणून न काढता राखलेली जुनी कपाशी, अळीला पुढच्या वर्षापर्यंत पोसते. पण जानेवारी-फेब्रुवारीतला तो वेचा म्हणजे हातात येणारे रोख पैसे. त्या जागी हरभऱ्यासारखे पीक घेता येईल एवढी ओल वा पाणी नसेल, तर फरदड मोडा हा सल्ला ऐकला जात नाही.

शिवाय एकाने पऱ्हाटी काढून भागत नाही, पतंग शेजारच्या शेतातून येतात. त्यासाठी गावाचे शिवार मिळून ठरवावे लागते. शेतीशाळेत बांधावर उभे राहून डोमकळ्या मोजण्याचा आणि सापळ्यांचे आकडे सगळ्यांसमोर वाचण्याचा खरा उपयोग तिथे होतो. सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी पावसाळ्यापूर्वी संपवणे आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात सापळे लावणे हेही त्यातच येते, कारण साठवलेल्या कापसातून निघालेले पतंग जवळच्या शेतांकडेच जातात.